ओट्स, राजमा आणि आमचं टेबल

१२ जानेवारी

कोलेस्टेरॉल! मला! उभा जन्म शिडीवर काढलेल्या माणसाला!

परवा बोर्ड टांगताना जरा गरगरलं, एवढंच निमित्त. हिने धरून डॉक्टरकडे नेलं, रक्त काढलं, आणि आज निकाल. डॉक्टरने कागद माझ्याकडे फिरवला आणि एका आकड्याभोवती पेनाने गोल काढला. वाईट कोलेस्टेरॉल १८२. गोल वाकडा आला होता. मी बोर्ड रंगवणारा. मला आधी गोल खटकला, मग आकडा.

"तीन महिने देतो," म्हणाला. "ओट्स, कडधान्यं, भाज्या, फळं वाढवा. लोणी, साय, तळलेलं बंद. नाही उतरलं तर गोळी. ती मग कायमची."

हिने लगेच विचारलं, ओट्सने नक्की होतं काय? ही अशीच. साबण घेतानासुद्धा तो फेस कसा करतो ते दुकानदाराला विचारते. डॉक्टरला असा श्रोता बऱ्याच दिवसांत मिळाला नसावा. खुलला. म्हणे, ओट्स आणि कडधान्यांतले तंतू पोटात पाणी पिऊन बुळबुळीत होतात, पित्ताला धरतात आणि बरोबर घेऊन बाहेर पडतात. मग यकृताला नवं पित्त करावं लागतं, आणि त्याचा कच्चा माल रक्तातलं कोलेस्टेरॉल. म्हणून ते उतरतं.

"म्हणजे माझ्या यकृताला जादा काम, बिनपगारी," मी म्हणालो. डॉक्टर हसला. ही हसली नाही.

रिपोर्ट तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि चेन ओढून घेतली. रक्त माझं, रिपोर्ट तिचा!

१३ जानेवारी

स्वयंपाकघरात झडती. लोणी, चीज, क्रीमची बिस्किटं, शनिवारी आणलेला केक — सगळे आरोपी ओट्यावर रांगेत उभे. मला वाटलं आता यांची रवानगी कचऱ्यात. पण हिच्या माहेरी अन्न टाकत नाहीत. तिच्या आईने म्हणे पावाचा शेवटचा कडक तुकडाही कधी फेकला नाही, दुधात बुडवून खाल्ला.

"मग हे कोण खाणार?" मी आशेने विचारलं.

"मी आहे ना. तुम्ही नका काळजी करू."

काळजी कसली! मला दुःख झालं होतं.

१४ जानेवारी

ओट्स खाल्ले. पूर्वी बोर्डाच्या कारखान्यात कागद चिकटवायला आम्ही पिठाची खळ शिजवायचो. ती बहुधा बरी लागत असेल.

१९ जानेवारी

आता रोजची पद्धत बसली आहे. दूध तापतं, थंड होतं, वरची जाड साय चमच्याने उचलून वाटीत जाते आणि खालचं निळसर पाणी माझ्या ओट्समध्ये. साय ती पावाला लावते, वर साखर भुरभुरवते आणि खाते. माझ्या समोर बसून!

अंड्याचंही तेच. पांढरं मला, पिवळं तिला. डॉक्टर पिवळ्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता, हा हिचा स्वतंत्र शोध. आज माझ्या अंड्यांची दोन पिवळी आणि स्वतःचं एक, असं खाऊन उठली. "वाया जातं ना," म्हणाली, घास गिळता गिळता. काय हा त्याग! माझ्यासाठी बिचारी लोणी खाते, केक खाते. डोळे भरून आले माझे — वासानेच.

म्हटलं, तूही थोडे ओट्स घे की सोबतीला. तर म्हणे, "ते तुमचं औषध आहे. औषध कोणी वाटून खातं का?"

२३ जानेवारी

आज डब्यात राजमा. पाण्यात शिजवलेला, वर कांदा, लिंबू. तेल? शोधलं, सापडलं नाही.

पण इथे आमच्या कारखान्याचा कायदा आडवा आला, त्याला मी काय करणार? आमच्याकडे डबा आपला आपण खायचा नसतो. मालकाने पहिल्या दिवसापासून घातलेली शिस्त. झाकण उघडायचं, डबा टेबलाच्या मध्यभागी सरकवायचा, आणि मग ज्याला जे हवं ते. एका बोर्डावर चार हात काम करतात, तर जेवतानाही चार हात एकत्र, असं त्याचं तत्त्वज्ञान. तर माझा राजमा मध्यभागी गेला. वेल्डरने तळलेल्या माशाचे तुकडे आणले होते, तेही मध्यभागी आले. वायरिंगवाल्याने बटाट्याचे तळलेले काप. मालकाने चीज घातलेले पाव.

आता शिस्त मोडायची का? इतक्या वर्षांनी?

वेल्डरने राजम्याचा एक चमचा भीत भीत खाल्ला. मग दुसरा. मग डबा आपल्याकडे ओढला. "पेंटर, वहिनींच्या हाताला काय चव आहे हो!"

मी मासा खाऊन मान डोलावली.

२४ जानेवारी

हिने विचारलं, "डबा संपला?" म्हणालो, "एक दाणा नाही उरला." अक्षरशः खरं!

४ फेब्रुवारी

चवळी. काल मसूर. परवा पांढरे वाटाणे. ही रोज सकाळी माझ्या आधी उठून कुकर लावते. मला ओट्स देते, खाऊन होईपर्यंत समोर उभी राहते, मग डबा हातात ठेवते. तुरुंगात पहारा याहून सैल असतो.

कारखान्यात मात्र हिचे भक्त वाढत आहेत. वायरिंगवाला आता फर्माईश करतो. मालक म्हणाला, "पेंटर, वहिनींना सांगा जरा जास्त द्या, पुरत नाही." मी हिला सांगितलं, "भूक वाढली आहे, डबा मोठा दे." तिचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर स्वतःची लाज वाटली. क्षणभरच. आज वेल्डरने चॉप्स आणले होते.

११ फेब्रुवारी

कडधान्यांबद्दल डॉक्टरने एक इशारा दिला होता — सवय नसेल तर हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या. हा इशारा मी कारखान्याला द्यायला विसरलो. दुपारनंतर पंखे पूर्ण वेगावर, खिडक्या सताड उघड्या, आणि कोणी कोणाच्या नजरेला नजर देईना. गिऱ्हाईक आलं, उंबऱ्यातूनच माप सांगून गेलं. वायरिंगवाला शिडीवर, वेल्डर शिडी धरायला खाली. वेल्डर शिडी सोडून पळाला. माणसाच्या निष्ठेलाही मर्यादा असते.

मी एकटा ताजातवाना!

२० फेब्रुवारी

नवीन काम. नाक्यावर खाण्याचं दुकान उघडतंय, त्याचा बोर्ड. दोन माणसांच्या उंचीचा एक पाव, त्यातून ओघळणारं चीज. त्या दुकानाच्या मालकाला ते चीज "खरं, चमकतं, जिभेवर पाणी आणणारं" हवंय. डॉक्टरने ज्याला माझ्या ताटात बंदी केली त्याला मी दिवसभर पिवळ्या रंगाच्या चार छटांनी ओघळवतोय. देवाला विनोदबुद्धी आहे, पण ती माझ्यावरच का चालवतो?

संध्याकाळी हिला सांगितलं. हसली. बऱ्याच दिवसांनी अशी खळखळून हसली. मग उठून गेली आणि फ्रिजमधलं उरलेलं खरं चीज संपवून टाकलं. "नजरेसमोर नकोच ते," म्हणाली. पण उद्या नवीन येणार, कारण दूधवाल्याकडे महिन्याचं सांगून ठेवलंय आणि "एकदम कसं बंद करायचं, त्याला वाईट वाटेल." आमच्या घरात दूधवाल्याच्या मनाला जपतात. माझ्या मनाला ओट्स.

५ मार्च

आज चेष्टा सुचत नाही.

दादाला जाऊन आज दोन वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी आमच्याकडे आला होता, सहज. माझा सख्खा मोठा भाऊ, तब्येतीने माझ्याहून दांडगा. हिने नाश्ता केला. तो नको म्हणत होता, हिने आग्रहाने पावावर जाड लोणी लावून वाढलं, आणखी एक अंडं तळून घातलं. तो म्हणाला, "भावजय आहेस की वैरीण! मारतेस का खाऊ घालून?" सगळे हसलो. तो उठायला गेला आणि परत खुर्चीत बसला, आणि मग टेबलावर डोकं टेकलं.

एका नाश्त्याने कोणी जात नाही, डॉक्टरने हिला तेव्हाच समजावलं. हृदयाची नळी वर्षानुवर्षं भरत आलेली असते. हिने मान हलवली. पटलं नाही. दादाचं ते वाक्य तिच्या कानात अडकलेलं आहे, मला माहीत आहे. आम्ही त्याबद्दल कधी बोलत नाही. दादाची खुर्ची तिने बाल्कनीत नेऊन ठेवली, तिच्यावर आता कुंड्या आहेत.

आज सकाळी ओट्सची वाटी ठेवून ती त्या कुंड्यांना पाणी घालायला गेली. मी सगळं खाल्लं. खरवडून.

दुपारी डब्यातला राजमाही मी स्वतः खाणार होतो. खरंच ठरवलं होतं. पण वेल्डरने डबा आधीच ओढला होता.

१६ मार्च

बाजारातून आलो. "चाललं पाहिजे रोज," हे मला ऐकवत ऐकवत ही बरोबर होती. पिशव्या माझ्याकडे, उपदेश तिच्याकडे. आणि जिन्यात पहिल्याच वळणावर बाईसाहेब कठड्याला टेकल्या!

"काय गं?"

"काही नाही. पिशवी जड आहे."

पिशव्या माझ्या हातात होत्या. मी हे तिच्या निदर्शनास आणून दिलं. चिडली. म्हणजे ठीक आहे.

२ एप्रिल

कारखान्याच्या विमा कंपनीची वार्षिक तपासणी पुढच्या आठवड्यात. सगळ्यांचं रक्त काढणार. गेल्या वर्षी मी नेमका त्या दिवशी बोर्ड टांगायला पळालो होतो. यंदा मालकाने शिडीच कुलपात ठेवलीय.

डॉक्टरची मुदतही तेव्हाच संपते. सकाळी झाडू मारायचा आणि दुपारी कचरा टाकायचा, असं तीन महिने चाललंय. आकडा काय येणार ते मला कळतंय. गोळीची भीती नाही मला, लोक मुकाट्याने घेतात. हिला काय तोंड दाखवू, ती भीती आहे.

आज टेबलावर मी फक्त चवळी खाल्ली. आता! परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुस्तक उघडणाऱ्या पोरासारखा.

३ एप्रिल

यंदा जोडीदाराची तपासणी फुकट आहे. कूपन आलंय. हिला दाखवलं. "मला काय धाड भरलीय? मी नाही येत."

मीही आता तिच्याच शाळेत शिकलोय. म्हटलं, "राहू दे. वाया जाईल कूपन, एवढंच."

तिने कूपन उचललं, घडी केली, पर्समध्ये. जिंकलो! लग्नानंतर पहिल्यांदा.

९ एप्रिल

रक्त दिलं. वेल्डर सुई बघून पांढरा पडला — हाच तो, जो ठिणग्यांत बसून गाणी म्हणतो. हिने त्याचा हात धरला. मग स्वतःचा दंड पुढे केला, बघितलंही नाही. जोडीदारांचे रिपोर्ट उशिरा येतील, म्हणाले.

२१ एप्रिल

आमचे आले. मालकाने जेवायच्या टेबलावरच वाचून दाखवले. खासगी गोष्ट आहे वगैरे आमच्याकडे नसतं, रिपोर्टही मध्यभागी!

मालक — गेल्या वर्षीपेक्षा कमी. वायरिंगवाला — कमी. वेल्डर — इतका कमी की त्याच्या डॉक्टरने फोन करून विचारलं म्हणे, नक्की काय करताय? आणि पेंटर, ज्याच्या बायकोने हे सगळं शिजवलं — १८५. जानेवारीपेक्षा तीन वर!

टाळ्या वाजवत होते सगळे. वेल्डर उठून नाचला. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. मालकाने चीजचा पाव माझ्यासमोरून उचलला आणि आपल्या मागे ठेवला. तीन महिने त्यांनी माझं औषध खाल्लं होतं आणि मी त्यांचा रोग.

२२ एप्रिल

हिला अजून सांगितलं नाही. "यायचाय रिपोर्ट," म्हणालो. उद्या सांगतो.

२३ एप्रिल

मला सांगायची गरजच पडली नाही.

संध्याकाळी दार वाजलं. वेल्डर! हातात फळांची करंडी, अंगात इस्त्रीचा शर्ट. आत येऊन सरळ हिच्या पाया पडला. "वहिनी, तुमच्या राजम्याने माझं कोलेस्टेरॉल उतरलं!"

"माझ्या राजम्याने?" हिने विचारलं. मी मागून हातवारे करत होतो. त्या माणसाला डोळ्यांवर ठिणग्यांची काच घालायची इतकी सवय की त्याला काही दिसत नाही. त्याने सगळं सांगितलं. टेबल. डबा. माशाचे तुकडे. "पेंटर फार मोठ्या मनाचे, स्वतःला चमचाभरही घेत नाहीत!"

तो गेला. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होतो. ओरडली नाही. ओट्सच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं, परत उघडलं, परत लावलं.

"मी रोज सकाळी उठून वेल्डरसाठी कुकर लावत होते?"

"अगं, तो आमच्याकडचा नियम —"

"एक माणूस माझ्या टेबलावर गेला," ती म्हणाली. "माझ्या हातचं खाऊन. दुसरा गेला तर मी काय करायचं, ते तुमच्या नियमात लिहिलंय का?"

मी फळांची करंडी उचलून ओट्यावर ठेवली.

२४ एप्रिल

अबोला. ओट्स नाहीत. डबा नाही. टेबलावर लोणी, पाव, तळलेली अंडी, आख्खी. "खा," म्हणाली. तेवढंच.

इतके महिने ज्याची स्वप्नं बघितली ते समोर होतं. मी ताट मागे सरकवलं. माझ्या वाट्याचं तिने संपवलं.

२७ एप्रिल

डॉक्टरकडे एकटाच जाऊन आलो. त्याला खरं सांगितलं, टेबलासकट. हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, ओट्सही उपयोगाचे, कडधान्यंही उपयोगाची, पण ती तुमच्या पोटात जायला हवीत, मित्राच्या नाही. आणि नुसती भर घालून भागत नाही, लोण्याची जागा त्यांनी घ्यायला हवी. वर, माझा भाऊ असा गेला म्हटल्यावर खाण्यावर सगळं ढकलायला तो आता तयार नाही. गोळी सुरू.

येऊन हिला सांगितलं. गोळ्यांचं पाकीट तिने हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं. "जेवणाआधी की नंतर?" विचारलं.

बोलली!

२८ एप्रिल

कारखान्यात मालकाने नवा कायदा केला. टेबल तेच, पण पेंटरचा डबा पेंटरपुढे. वेल्डर उदास आहे. हिने आज राजमा दिला तेव्हा बरोबर दुसरा छोटा डबा होता. "त्या वेल्डरला द्या," म्हणाली. "वळण लागलंय बिचाऱ्याला, मोडायला नको."

संध्याकाळी दोघं फिरून घरी येताना जिन्यात तीच आधी चढत होती. वळणावर थांबली. मीही थांबलो. आज तिच्या हातातही काही नव्हतं, माझ्याही.

२ मे

तिचा रिपोर्ट आला. पाकीट मीच फोडलं, मला शिकवतेस काय, आता तुझं बघू, अशा थाटात. वाईट कोलेस्टेरॉल २३१. माझ्या वर. टेबलावरच्या सगळ्यांच्या वर.

डॉक्टरकडे गेलो, त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, जिना चढताना दम लागतो का? ही पर्सची चेन ओढत बसली. "लागतो," मी म्हणालो. "खाण्यात काय असतं तुमच्या?" त्याने विचारलं.

"ह्यांच्या ताटातलं काढलेलं," ती म्हणाली. "टाकवत नाही हो."

सोमवारी तिच्या हृदयाची तपासणी. मला भीती वाटते आहे.

घरी येऊन मी सायीची वाटी उचलली आणि बेसिनमध्ये उलटी केली. नळ सोडला. मग लोणी, चीज, सगळं कचऱ्याच्या डब्यात. ती दारात उभी होती. "अहो, वाया —" म्हणाली, आणि थांबली, आणि खुर्चीवर बसली.

मी पातेलं ठेवलं. दोघांना किती ओट्स लागतात ते मला माहीत नव्हतं. तिला विचारलं.